तीन केळी, चार पोरं

लग्नाच्या पंगतीत गणिताच्या बाईंशेजारी सहसा कुणी बसत नाही. बसलंच तर "तुम्ही काय शिकवायचा?" असं विचारतं आणि "गणित" ऐकलं की घाईघाईनं मठ्ठा वाढणाऱ्याला हाक मारतं. एखादा धीट असला तर हसत सांगतो, "माझं गणित पहिल्यापासून कच्चं हो, बाई." सांगताना त्याला जराही लाज वाटत नाही. उलट घराण्याची एखादी जुनी चाल सांगावी तसा तो खूश असतो. मी पण हसते आणि भजी घेते.

अहमदपूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी नोकरीभर गणित शिकवलं. बदल्या झाल्या, पण तालुका सुटला नाही. निवृत्तीनंतर नांदेडला मुलाकडे आले. सकाळी देव, दुपारी टीव्ही आणि संध्याकाळी सुनेला सल्ला, असं वेळापत्रक घरच्यांनी माझ्यासाठी ठरवलेलं होतं. त्यातलं तिसरं सुनेला मानवेना म्हणून तिनंच कॉलनीतली तीन पोरं गोळा करून आणली आणि ओट्यावर माझी शाळा भरवून दिली. घर शांत झालं.

आमच्या धंद्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तिसरीपर्यंत आकडे सरळ वागतात. आठ हा चारापेक्षा मोठा, हे पोरानं मोठ्या कष्टानं मान्य केलेलं असतं. मग एके दिवशी बाई फळ्यावर एक छेद आठ आणि एक छेद चार लिहितात आणि सांगतात, यातला चारवाला मोठा. त्या क्षणी पोराचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्याला समजत नाही असं नाही, त्याला आपण फसवले गेलो असं वाटतं. इथून पुढं ते बाईंवर विश्वास ठेवत नाही. बाई म्हणतील ते लिहितं आणि मनात म्हणतं, तुमचं तुम्हाला लखलाभ.

मग बेरीज येते. अर्धा अधिक एक तृतीयांश किती? वरचं वर मिळवायचं, खालचं खाली मिळवायचं, उत्तर दोन छेद पाच. हे उत्तर मी इतक्या पोरांच्या हातून बघितलंय की आता मला त्याचा राग येत नाही, जुनं माणूस भेटल्यासारखं वाटतं. दोन पंचमांश म्हणजे अर्ध्याहून कमी. अर्ध्यात भर घातली आणि ते घटलं, हे पोराला खटकत नाही. कारण हे आकडे त्याच्या जगातले नाहीतच, बाईंच्या जगातले आहेत. तिथं काहीही होऊ शकतं.

यावर उपाय म्हणून एकदा खात्यानं शाळांना रंगीत चकत्यांची पेटी पाठवली. अर्ध्या, पाव, अष्टमांश अशा सुंदर प्लास्टिकच्या चकत्या. आमच्या मुख्याध्यापकांनी पेटी उघडून एकदा मोजून घेतली आणि कपाटात कुलपात ठेवली. "पोरांच्या हातात दिली तर एखादी हरवंल. मग तपासणीला पूर्ण कुठून दाखवायची?" म्हणाले. साहेब येणार असले की पेटी निघायची, टेबलावर मांडायची, साहेब चहा पिऊन "छान" म्हणायचे, पेटी परत कपाटात. त्या शाळेतून माझी बदली झाली तेव्हा चकत्या कोऱ्या करकरीत होत्या आणि पोरं दोन छेद पाचवर कायम होती. मला त्या पेटीची अजून हळहळ वाटते.

अशा तयारीनिशी मी मधुराच्या घरी गेले.

मधुराचा फोन श्रावणात आला होता. कॉलनीला लागून एक नवी उंच इमारत झालीय, तिथं ती राहते. नवरा निखिल पुण्यात कंपनीत होता, घरून काम सुरू झाल्यावर बिऱ्हाड नांदेडला आणलं. एकुलती एक मुलगी, ओवी, दहा वर्षांची. तिला पहिलीतच शाळेतून काढलेलं. कारण विचारलं तर मधुरा म्हणाली, "तिच्या टीचरनं तिला तोंडावर बोट ठेवायला सांगितलं." मी किती पिढ्यांना तोंडावर बोट ठेवायला लावलंय याचा मनात हिशेब करायला लागले.

"आम्ही तिला शिकवत नाही, मॅडम," निखिल म्हणाला. "ती शिकते. आम्ही फक्त वातावरण देतो."

वातावरण भरपूर होतं. एका खोलीत लाकडी ठोकळे, माती, सूक्ष्मदर्शक, भिंतभर जगाचा नकाशा. ओवीला ज्वालामुखी येत होता, मधमाशांचं जीवन येत होतं, तीन प्रकारचे पाव भाजता येत होते. बोलायला चुणचुणीत. फक्त अपूर्णांक म्हटलं की ती पंख्याकडे बघायला लागायची.

"मग अडचण काय आहे?" मी विचारलं. "शिकेल तिच्या वेळेनं. वातावरण आहेच."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग निखिलनं सांगितलं. त्याचे वडील, मन्मथअप्पा, लातूरचे डाळीचे व्यापारी. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, मार्केट यार्डात दुकान आणि प्रत्येक विषयावर शेवटचा शब्द. त्यांना ही घरशाळा पहिल्यापासून मान्य नव्हती. लातूरसारखं गाव असताना, जिथं बाहेरगावची पोरं खोल्या करून डॉक्टर व्हायला येतात, तिथं स्वतःची नात घरात पाव भाजत बसते, यामुळे त्यांना यार्डात मान खाली घालावी लागत होती. त्यांनी पाचवीपासूनच डॉक्टरकीची तयारी करून घेणाऱ्या एका निवासी शाळेत बोलून ठेवलं होतं. बाप-लेकात शब्दाला शब्द वाढला आणि निखिलच्या तोंडून निघून गेलं, "तुम्हीच घ्या तिची परीक्षा! नाही आलं तर ठेवा लातूरला." अप्पांनी लगेच शब्द पकडला. परीक्षा दिवाळीच्या पाडव्याला. विषय अप्पांच्या आवडीचा, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण.

म्हणजे बापानं फुशारकीत पोरगी पणाला लावली होती आणि आता जुगार जिंकायला मला बोलावलं होतं.

कामाच्या अटी ऐकून मी चाट पडले. लाल पेन वापरायचा नाही. "नाही" म्हणायचं नाही. "चूक" हा शब्द तर त्या घरात नव्हताच, त्याला "वेगळं उत्तर" म्हणायचे. अर्धा अधिक एक तृतीयांश, ओवीनं लिहिलं दोन छेद पाच. मी मधुराकडे बघितलं. मधुरा म्हणाली, "छान वेगळं उत्तर आहे, ओवी." टॅबमध्ये एक पांडा होता, तो सुद्धा टाळ्या वाजवायचा. बरोबर उत्तराला मोठ्यानं, वेगळ्या उत्तराला जरा हळू. ओवीला दोन्ही टाळ्यांतला फरक पाठ होता. म्हणजे चूक झाल्याचं त्या पोरीला रोज कळत होतं, फक्त तिला ते कुणी सांगत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मी पोळी मागवली. "ओवी, हिचे दोन अर्धे कर." तिनं मन लावून एक मोठा तुकडा केला, एक छोटा केला आणि मोठा माझ्यापुढं ठेवला.

"हा तुमचा अर्धा, हा माझा अर्धा."

"दोन्ही सारखे नकोत का?"

"पण मला भूक नाहीये, बाई."

मी पोळीकडे बघत राहिले. पोरीचं काही चुकलं नव्हतं. त्या घरात प्रत्येकाला हवं तेवढंच मिळायचं. कुणाच्या ताटाकडे कुणी बघायचं नाही. ओवीनं जन्मात कधी कुणाशी तुकड्यावरून भांडण केलेलं नव्हतं, करायला दुसरं कुणी नव्हतंच. आणि आमचं अपूर्णांकाचं सगळं घर एका शब्दावर उभं असतं, "सारखे". सारखे भाग केले तरच अर्धा, नाहीतर नुसते तुकडे. हे मी कधी कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं, कारण पोरं ते घरून शिकून यायची. खालचा भाऊ, वरची बहीण, मधे एक लाडू. त्यांचा "सारखे" पक्का असायचा, माझं काम पुढचं असायचं. या पोरीला पुढचं शिकवायला मला मागं जायचं होतं आणि मागं जायची वाट मला माहीत नव्हती.

मी माझ्या पोतडीतलं सगळं काढलं. कागदाच्या घड्या घातल्या, संख्यारेषा काढल्या, पाण्याचे पेले भरले. मी घडी घालायला घेतली की मधुरा हळूच म्हणायची, "तिला स्वतः शोधू द्या ना, मॅडम." शोधू दिलं की ओवी कागदाचा बगळा करायची. बगळा फार देखणा असायचा. निखिल मोबाईलवर त्याचं चित्रण करायचा.

अशात अप्पांचा फोन आला. मधुराच्या फोनवर, स्पीकर लावून.

"मास्तरीणबाई, पोरीला पावकी येती का?"

"अजून नाही, अप्पा."

"मग काय करून राहिले तुमी लोकं तिथं? कागदाच्या घड्या? ओवे, ऐक. माझ्यामागून म्हण. दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक!"

आणि त्या माणसानं भर यार्डातून, मागं हमालांचा आरडाओरडा चालू असताना, पावकी, म्हणजे पावाचा पाढा, म्हणायला सुरुवात केली. आवाज खडा, ताल पक्का. ओवीला ते गाणंच वाटलं. रोज दुपारी आजोबा-नातीचा कार्यक्रम व्हायला लागला आणि तिनं पावकी, निमकी, पाऊणकी चालीवर पाठ केली. मधुराचा चेहरा उतरला, घरात घोकंपट्टी शिरली म्हणून. अप्पांचा आवाज चढला. मी मधे बसून एकच विचारलं, "ओवी, पाव आणि अर्धा मिळून किती?"

ओवीनं मनातल्या मनात सगळं गाणं म्हणून बघितलं. म्हणाली, "ते गाण्यात नाहीये, बाई."

फोनवरून आधी एका हमालाला दरडावल्याचा आवाज आला. मग अप्पा म्हणाले, "आधी पाठ तर होऊ द्या, मग समजतंय आपोआप." निखिलही "शिकणं आपोआप होतं" असंच म्हणायचा. बापलेकाचं एका गोष्टीवर तरी एकमत होतं, हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवशी सगळे उठून गेल्यावर ओवी गॅलरीत येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. समोर रस्त्यापलीकडे एक साधी शाळा आहे, पत्र्याची शेड, उडालेला रंग, मैदानात लिंबाचं झाड. मधली सुट्टी झाली होती आणि पोरं नुसती सैरावैरा पळत होती. ओवीला त्यांच्या दप्तरांवरून पोरं ओळखू यायची. हिरवं दप्तरवाली, तुटक्या बंदवाली. घंटा कधी कशाची होते ते सगळं पाठ.

"बाई, मधल्या सुट्टीत काय शिकवतात?"

मला हसू आलं आणि ते तिथंच अडकलं. ती खरंच विचारत होती.

मग म्हणाली, "मी ढ आहे का? आई म्हणते ढ असं काही नसतंच. मग तुम्ही का येता?"

"अपूर्णांक सगळ्यांनाच जड जातात," मी म्हणाले.

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?" तिनं विचारलं. तिच्या ओळखीत दुसरं मूल नव्हतं. मला फार वाईट वाटलं. लातूरला गेली तर त्या निवासी शाळेत पहाटेपासून रांगेत बसवतील आणि इथं राहिली तर जन्मभर पांडा टाळ्या वाजवेल. आणि यातलं काय व्हायचं ते माझ्या शिकवण्यावर अवलंबून. इतक्या वर्षांत कुठल्याच परीक्षेची मला एवढी धास्ती वाटली नव्हती.

पुढचं जे झालं त्याचं श्रेय मी घेत नाही, ते त्या इमारतीच्या लिफ्टचं. दसऱ्याच्या आधी ती बंद पडली. सोसायटीत दोन गट होते, एक म्हणायचा दुरुस्त करा, दुसरा म्हणायचा नवी बसवा. दोघांच्या बैठकांत महिना गेला. माझ्या गुडघ्यांना तेवढे जिने झेपणार नव्हते. मी मधुराला सांगितलं, ओवीला खाली माझ्या ओट्यावर पाठवा. तिनं दोन दिवस विचार केला. "तिथल्या मुलांची भाषा..." म्हणाली. मी म्हटलं, "मग अप्पांना कळवा, लिफ्ट बंद होती म्हणून." ओवी दुसऱ्या दिवशी हजर.

ओट्यावर माझी तीन पोरं होती. सानिया, तिचा बाप ऑटो चालवतो. राजरत्न आणि त्याचा धाकटा भाऊ सुमेध, त्यांची आई रेल्वेच्या ऑफिसात आहे. तिघंही अपूर्णांकात ओवीइतकीच कच्ची, पण तुकड्यांच्या बाबतीत एकेक वकील. ओवीला बघून ती जरा दबली. तिनं ज्वालामुखीची माहिती सांगितल्यावर आणखी दबली. त्याच आठवड्यात माझ्या मुलाच्या मित्रानं अर्धापूरहून केळी पाठवली होती. घरात खाऊन उरली होती तीन. मी ती सुरीसकट पोरांपुढं ठेवली आणि आत चहा टाकायला गेले. यात शिकवण्याचा काही विचार नव्हता. केळी काळी पडायला लागली होती एवढंच.

बाहेरून आवाज ऐकू आला, म्हणून मी खिडकीतून बघितलं.

"ए, पाहुणी वाटंल. तिला दे सुरी."

ओवीनं वाटली. तिच्या पद्धतीनं, म्हणजे कशीही. आणि सगळ्यांच्या आधी स्वतः हात घातला.

"ए, ए! काय करून राहिली तू?" सानिया ओरडली. "वाटणाऱ्यानं शेवटी उचलायचं असतंय! एवढं पण म्हाईत न्हाई का?"

"का?"

"का म्हणजे? तू वाटली ना! मग आमी आधी उचलणार, उरंल ते तुझं."

राजरत्ननं सगळ्यात मोठा वाटा उचलला, सुमेधनं त्याखालचा, सानियानं त्याखालचा. ओवीपुढं केळ्याचं एक बोटभर टोक उरलं. मी चहाचं भांडं घेऊन बाहेर आले तेव्हा ती त्या टोकाकडे बघत होती. एकदम ती भोकाड पसरून रडली.

"माझं कमी आलं! सारखं नाहीये हे!"

खरं सांगते, माझ्या आयुष्यात पोराच्या रडण्यानं मला इतका आनंद कधी झाला नव्हता. जो शब्द मला दोन महिने कागदाच्या घडीत सापडत नव्हता, तो सानियानं एका केळ्यात काढून दिला. मी सुनेला हाक मारली, "अगं, कुणाला तरी पळव, आणखी केळी आण!"

आता परत तीन केळी, चार पोरं, सुरी ओवीच्या हातात. या वेळी ती घाईत नव्हती. एका केळ्यावर सुरी धरली, डोळा बारीक केला, सुरी सरकवली. तिघं वकील नाक खुपसून बसले होते. दोन केळ्यांचे दोन-दोन अर्धे केले, चार झाले, प्रत्येकाला एक. उरलेल्या केळ्याचे चार पाव केले, प्रत्येकाला एक. मग उचलताना कुणाला निवड करता येईना, कारण निवडायला काही राहिलंच नव्हतं. ओवीनं शेवटचा वाटा उचलला. तो इतरांसारखाच होता.

"किती आलं एकेकाला?" मी विचारलं.

"अर्धा आणि पाव," ओवी म्हणाली. मग आपला अर्धा हातात धरून थांबली. सुरीनं त्याचे मधोमध दोन केले. "बाई, अर्ध्याचे पण पाव केले की सगळे एकसारखे होतात. मग मोजता येतात. एक, दोन, तीन. तीन पाव." आणि एकदम ओरडली, "पाऊण! तीन पाव पाऊण! गाण्यात आहे हे!"

समच्छेद म्हणतात तो हाच. पुस्तकात त्याला एक अख्खं प्रकरण लागतं.

संध्याकाळी मधुरा आली. ओवी रडली हे कळल्यावर तिचं तोंड पांढरं पडलं. "कुणी रडवलं तिला?" मी म्हटलं, "केळ्यानं." निखिलला मात्र सगळं फार आवडलं. तो दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याची तिपाई घेऊन ओट्यावर आला आणि पोरांना म्हणाला, "काल झालं तसंच भांडा." पोरं लाजून पायांकडे बघायला लागली. सानियानं ओढणीनं तोंड झाकलं. शेवटी त्यानं एकट्या ओवीचं केळं कापतानाचं चित्रण केलं आणि ते घरशाळेच्या यशाची गोष्ट म्हणून सगळीकडे पाठवलं. लोकांनी भरभरून कौतुक केलं. ओट्याचा त्यात कुठं उल्लेख नव्हता, पण ओटा दिसत होता.

पाडव्याला आम्ही लातूरला गेलो. अप्पांचा निरोप होता, "मास्तरीणबाईलाबी आणा." पुढच्या खोलीत गादी-तक्के, मधे करंज्या-अनारशांचं ताट आणि अप्पा नवं धोतर नेसून, विभूती लावून बसलेले. भोवती भाऊबंद जमवलेले. परीक्षा चारचौघांतच व्हायची होती.

"ओवे, सव्वा आन् दीड?"

"पावणेतीन."

"पाऊण आन् पाऊण?"

"दीड."

मग अप्पांनी पाटी मागवली आणि अर्धा अधिक एक तृतीयांश लिहिलं. ओट्यावर असली गणितं आम्ही चौकोन काढून केली होती, पण चारचौघांत नव्हे. ओवीनं पाटीवर दोन लांबट चौकोन काढले, दोघांचे सहा-सहा भाग केले. "अर्ध्यात तीन येतात, एक तृतीयांशात दोन. पाच छेद सहा." आणि अप्पांकडे बघून म्हणाली, "अर्धा आणि एक तृतीयांश वेगवेगळे तुकडे असतात, अप्पा. सारखे केल्याशिवाय मिळवायचे नसतात."

भाऊबंदांनी माना डोलावल्या. अप्पांचे डोळे पाणावले. त्यांनी तिला जवळ घेतलं, तोंडात अनारसा घातला आणि म्हणाले, "एवढी हुशार पोरगी घरात ठिवून वाया घालवता? हिला तर लातूरलाच पायजे!"

"अप्पा!" निखिल उठलाच. "ठरलं काय होतं? आलं तर घरीच! घरी शिकूनच आलंय ना तिला?"

मी थक्क झाले. नापास झाली असती तर लातूरला, पास झाली म्हणूनही लातूरला. आणि दुसऱ्या बाजूनं, पास झाली म्हणून आता घरातच, ओट्याचीसुद्धा गरज नाही. इतकं राबून आम्ही मायलेकरासारखी एक परीक्षा पास केली आणि त्या परीक्षेला काही अर्थच नव्हता. मधुरा रडवेली झाली. आवाज वाढले. शेवटी भाऊबंदांतल्या एकानं तोड काढली, "अर्धं वरीस लातूर, अर्धं वरीस नांदेड. मिटवा."

"हे जमतंय," अप्पा म्हणाले. निखिलही विचारात पडला. दोघं खरोखरच ते मनात तोलायला लागले.

"पण मग माझा वाटा?" ओवी म्हणाली.

तिच्या तोंडात अजून अनारसा होता. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"अर्धं अप्पांना दिलं, अर्धं आई-बाबांना दिलं. संपलंच की. मला काय उरलं?"

"अगं, तुझंच तर आहे सगळं," मधुरा म्हणाली.

"नाही," ओवी म्हणाली. तो शब्द त्या पोरीच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. "तुम्ही मला मोजलंच नाही. मला गॅलरीतून दिसते त्या शाळेत जायचंय. रोज. अख्खं."

अप्पा विभूतीवर हात ठेवून बसून राहिले. यार्डातला माणूस. सौद्यात एक धनी विचारायचा राहून गेला, हे त्यांना बाकीच्यांच्या आधी कळलं असावं. "च्यामारी," म्हणाले हळूच. "मालाला कुणी इचारलंच न्हाई." मग निखिलकडे वळून म्हणाले, "तूबी न्हाई, मीबी न्हाई. घाल तिला त्या शाळंत." हरले तरी दोघं मिळून हरले, म्हणून निखिललाही ते सोपं गेलं.

जूनमध्ये ओवी समोरच्या शाळेत गेली. त्याआधी मधुरानं तिथल्या मुख्याध्यापिकेला बालमानसशास्त्रावर दोन तास समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाण्याची बाटली नावानिशी पाठवा, अदलाबदल होते." वर्गात सत्तरच्या आसपास पोरं. पहिल्याच आठवड्यात तिच्या डोक्यात उवा झाल्या आणि तोंडात दोन नव्या शिव्या आल्या. निखिलनं मला बोलावून चिंतेनं विचारलं, "हे आपोआप जातं का?"

मग घटक चाचणी झाली, अपूर्णांकांची. मी निवांत होते. ज्या पोरीनं लातूर जिंकलं तिला समोरची चाचणी काय अवघड. ओवीनं सगळी गणितं चौकोन काढून केली होती आणि त्या सरांना लसावि काढून, पायऱ्या पाडून पाहिजे होतं. वीसपैकी सात. मला सर ओळखीचे वाटले. मी त्यांना कधी भेटलेली नाही, पण मी त्यांच्या खुर्चीत बसून आलेय.

पेपर मिळाला त्या दुपारी मधुरा आधी माझ्याकडे आली. रागानं लाल झाली होती. ती सांगत होती, की हे होणारच होतं, की ती आजच जाऊन दाखला काढून आणणार, की अप्पांना कळलं तर ते उद्या गाडी घेऊन येतील. मी तिच्यापुढं पाणी ठेवलं. तेवढ्यात ओवी धापा टाकत ओट्यावर चढली. वेणी सुटलेली, गणवेशावर, गालावर शाई, हातात तो पेपर झेंड्यासारखा धरलेला.

"बाई! सात पडले!"

इतक्या आनंदानं सात मार्क सांगणारं पोर मी माझ्या अख्ख्या नोकरीत बघितलं नव्हतं.

"अगं, पण..." मी म्हणाले.

"माझ्या बेंचवर आयेशा बसते ना, तिलापण सातच! तिलापण अपूर्णांक येत नाहीत, बाई! आम्ही सगळ्या रस्त्यानं तेच बोलत आलो. ती फाटकाशी उभी आहे, आत यायला लाजतेय. बोलावू?"

पोरीच्या त्या शाईभरल्या चेहऱ्याकडे मधुरा नुसती बघत राहिली. मग उठली, पदरानं डोळे पुसले आणि आयेशाला आणायला स्वतःच फाटकाकडे गेली.